पायाचा कल (डावा की उजवा)

बॉलला किक मारायला, जिन्यात पहिली पायरी चढायला, पायाच्या बोटांनी पडलेला रुमाल उचलायला जो पाय आपोआप पुढे येतो तो आपल्या कलाचा पाय. नागपूरकडे ग्राउंडवर याला सरळ लेफ्टी नाहीतर 'डाव्या पायाचा' म्हणतात, मराठीत वेगळा शब्द रुळलेला नाही.

खरंतर 'डावखुरा' मध्येच पाय लपलाय असं वाटतं. एक मत असं की यातला 'खुरा' म्हणजे खूर, दुसरं म्हणजे भांडखोर-लाचखोर मधला फारसी 'खोर'. पण 'खोर'वाले शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, बाई पण भांडखोरच, आणि डावखुरा-डावखुरी मात्र बदलतं, म्हणून खूर जास्त पटतो. मग खुराचा शब्द हाताला काहून चिकटला हा प्रश्न उरतोच.

हात आणि पाय एकाच बाजूचे असतील असं नाही. 2020 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात साधारण 12 टक्के लोक डाव्या पायाचे निघाले. डावखुऱ्यांमध्ये हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास, उजव्या हातवाल्यांमध्ये 3 च्या जवळपास. आकडे थोडे सांभाळूनच घ्यावे कारण विचारलं काय त्यावर उत्तर बदलतं. किक मारणारा पाय हलतो पण तेव्हा सगळा तोल दुसऱ्यावर असतो, मग हुकमी पाय कोणता? संशोधक सहसा हलणाऱ्याला धरतात, तरी लांब उडीत बरेच उजव्या पायाचे लोक टेकऑफ डाव्यानेच घेतात, म्हणून पायाचा कल तपासायच्या वॉटरलू प्रश्नावलीत (1998) किक मारणं आणि एका पायावर उभं राहणं असे दोन्ही प्रकारचे प्रश्न येतात, आणि हेच बरोबर वाटतं.

कामठीच्या रब्बानी फुटबॉल ग्राउंडवर लेफ्ट विंगला डाव्या पायाचा पोरगा मिळाला की कोच खुश. फ्रान्समधल्या 1998 च्या वर्ल्डकपच्या पाहणीत पण सुमारे 79 टक्के खेळाडू उजव्या पायाचेच होते, म्हणजे इतक्या वर पोचूनही दोन्ही पाय सारखे झाले नव्हते.

नवरी माप उजव्या पायाने ओलांडते तो रिवाज, त्यावरून कल कळत नाही. बाइकचंही तसंच. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला, आताच्या गाड्यांना उलटं, आणि दोन्ही चालवणारा माणूस सिग्नलला कधीतरी ब्रेक समजून गिअर दाबतोच.