राखीव रनिंग बॅक म्हणजे वारसदार नव्हे
फँटसी फुटबॉलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवतात आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळतात. त्याच्या डायनॅस्टी प्रकारात, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याच संघात ठेवता येतात त्या प्रकारात, एक समज फार काळ टिकून आहे: नामांकित रनिंग बॅकमागचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या मुख्य खेळाडूमागचा, राखीव खेळाडू जपून ठेवावा, कारण पुढे ती जागा त्याचीच असते. हा समज चुकीचा आहे. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने २०१९ मध्ये नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) तिसऱ्या फेरीत निवडलेला अलेक्झांडर मॅटिसन मुख्य रनिंग बॅक डॅल्विन कुक जखमी असताना भरघोस गुण मिळवून देत असे. परंतु २०२३ मध्ये कुकला संघाने मुक्त केले आणि मुख्य जागा मॅटिसनला मिळाली, तेव्हा त्याने धावून ७०० यार्ड मिळवले, पण धावून एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) केले नाही, आणि हंगाम संपण्यापूर्वीच संघातलाच टाय चँडलर त्याच्या पुढे गेला. बदली म्हणून खेळलेल्या मोजक्या सामन्यांतून त्याला चेंडू किती वेळा मिळाला एवढेच कळते. संघाचा त्याच्यावर विश्वास आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. याउलट डॅलस संघाच्या टोनी पोलार्डने २०२२ मध्ये मुख्य रनिंग बॅक इझिकिएल इलियट संघात असतानाच धावून १,००७ यार्ड मिळवले होते. मुख्य खेळाडू तंदुरुस्त असतानाही मिळणारा चेंडूचा असा वाटा हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा निकष आहे. तो नसेल, तर मुख्य खेळाडूच्या दुखापतीनंतर मागणी वाढताच राखीव खेळाडू इतर स्पर्धकांना विकून टाकावा.