‘सुट्या नोटा कमी पडतात’ असा फोन करण्याआधी

गणितपेटी (इयत्ता पहिली ते तिसरी) वापरणाऱ्या शिक्षकांसाठी, क्लासचालकांसाठी आणि पालकांसाठी

पेटी शाळेत पोचून महिना-दीड महिना झाला की फोन येतो. मुले रमतात, फासे आवडले, पण बँकेच्या खेळात एकच्या नोटा पुरत नाहीत, आणखी शंभरेक पाठवा. सुट्या नोटांचे पाकीट आमच्याकडे वेगळे मिळते. गिऱ्हाईक आपणहून मागत असताना ‘घेऊ नका’ म्हणणे कोणत्याही दुकानदाराला जडच जाते. तरी सांगतो, थांबा. नोटा हरवल्या नसतील, तर त्या कमी पडूच शकत नाहीत. खेळातली एक पायरी गळली आहे.

हिशेब असा. पेटीत एकच्या ५०, दहाच्या ४० आणि शंभरच्या ५ नोटा आहेत. खेळणारे चौघे, पाचवा बँक सांभाळणारा कॅशिअर. फाशांवर पडेल तेवढ्या एकच्या नोटा बँकेतून घ्यायच्या, आधी ज्याची शंभरी भरली तो जिंकला. दोन फासे एकदम टाकले तर फार तर १२ पडतात. प्रत्येकाने आपली खेळी संपवताना दहा सुटे बँकेत भरून दहाची नोट घेतली, तर कोणाहीकडे नऊच्या वर सुटे उरत नाहीत. म्हणजे तिघांकडे मिळून जास्तीत जास्त २७, आणि ज्याची खेळी चालू आहे त्याच्याकडे आधीच्या ९ व फाशांवरच्या १२ अशा २१. एकूण ४८. बँकेत २ उरतात. दहाच्या नोटांचेही तेच. तिघांकडे २७, चौथ्याकडे आधीच्या ९ आणि २१ सुट्यांपैकी वीस भरून घेतलेल्या २, एकूण ३८. खेळ कितीही रंगला तरी आकडा याच्या वर जात नाही.

तेव्हा एकच्या नोटा संपल्या, की कोणाच्या तरी पुढ्यात नऊपेक्षा जास्त सुटे साठलेत असे समजा. सुटे देऊन दहाची नोट घेणे, म्हणजे बदली, थांबली आहे, आणि सगळा खेळ त्या एका देवघेवीसाठीच आहे. ती गेली की उरते नुसते फासे टाकणे आणि नोटा गोळा करणे. पेटीत आम्ही एकच्या शंभर नोटा घातल्या असत्या तर कोणाला काही कमी पडले नसते, आणि पायरी गळलेली कोणाच्या लक्षातही आली नसती. म्हणून ५०च.

मुले सुटे का साठवतात, याला कारणे आहेत. सात वर्षांच्या मुलाला तेवीस नोटांची गड्डी ही दोन दहाच्या आणि तीन सुट्या नोटांपेक्षा जास्त श्रीमंतीची वाटते. दहा देऊन एक घेणे त्याच्या मते घाट्याचा सौदा आहे. त्यात फासे पुढच्याच्या हातात गेलेले असतात, तो घाई करतो, आणि ‘नंतर देतो’ म्हणून बदली राहून जाते. पण सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे, ते म्हणजे पुठ्ठा.

पेटीच्या तळाचा पुठ्ठा पॅकिंगचा नाही

पेटीच्या तळाशी ए-फोर आकाराचे चार जाड पुठ्ठे असतात. त्यांच्यावर तीन रकाने छापलेले आहेत: डावीकडे शतक, मधे दशक, उजवीकडे एकक. प्रत्येक रकान्यात एकाखाली एक नऊ चौकटी. नोटा बाहेर काढल्या की हे पुठ्ठे बऱ्याच ठिकाणी खोक्याबरोबर रद्दीत जातात. काही शाळांत ते वह्यांना आधार म्हणूनही पाहायला मिळतात. दोष थोडा आमचाही आहे, कोरी बाजू वर ठेवून पेटी भरत होतो. आता त्या बाजूवर लाल अक्षरांत ‘हा खेळाचा पट आहे’ असे छापतो.

चौकटी नऊच का? दहाव्या नोटेला जागा नसावी म्हणून. नोट ६ बाय अडीच सेंटिमीटरची, चौकट साडेसहा बाय तीनची, एका चौकटीत एकच नोट. दहावी नोट हातात राहते, ती कुठे ठेवायची असा प्रश्न मुलालाच पडतो आणि तो बँकेकडे वळतो. बाईंना वर्गभर फिरून ‘दहा झाले का, बदललेस का’ असे ओरडत बसावे लागत नाही. पट नसेल तर ते काम तुमच्या घशावर येते.

पट हरवला असेल तर घरी आखता येतो. ए-फोर कार्डशीटवर साडेसहा सेंटिमीटर रुंदीचे तीन रकाने आखा, वर दोन सेंटिमीटरची शीर्षकपट्टी ठेवा, खाली तीन-तीन सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा. नऊ चौकटी बरोबर बसतात. फक्त एककाचा रकाना उजवीकडेच हवा. मुलाच्या शेजारी बसून नव्हे, समोर बसून पट लावून दिला तर हमखास उलटा लागतो.

एक खेळी जवळून

मुलीच्या पटावर दशकात २ नोटा, एककात ७. फासे पडले ५ आणि ३. ती कॅशिअरकडून आठ सुटे मोजून घेते. कॅशिअरने मोजून द्यायचे आणि तिने पुन्हा मोजून घ्यायचे, कारण निम्मी भांडणे इथेच होतात. आठपैकी दोन नोटांनी एककाच्या नऊ चौकटी भरल्या, सहा हातात उरल्या. आता ती चौकटीतल्या नऊ आणि हातातली एक अशा दहा नोटा बँकेत भरते आणि दहाची एक नोट घेते. ही नोट दशकाच्या तिसऱ्या चौकटीत जाते. हातातल्या पाच रिकाम्या झालेल्या एककाच्या रकान्यात मांडते. तीन दशक, पाच एकक. हे मोठ्याने म्हणायचे, पाटीवर ३५ लिहायचे, आणि मगच फासे पुढे सरकवायचे.

फासे अडवून धरणे हा एकच नियम कडक ठेवा. बदली झाल्याशिवाय आणि आकडा लिहिल्याशिवाय फासे हलणार नाहीत. बाकीचे नियम मुलांनी मोडले तरी फारसे बिघडत नाही.

चार-पाच दिवस असे खेळून झाले की पाटीवरचे लिखाण बदला. नोटा घेण्याआधी उभी मांडणी करायची, २७ खाली ८, उत्तर काढायचे आणि मग नोटांनी पडताळायचे. उभ्या बेरजेत डोक्यावर लिहिलेला ‘हातचा १’ म्हणजे आपण बँकेतून आणलेली दहाची नोट, हे मुलाला तेव्हा दिसते. त्याआधी हातचा म्हणजे नुसती सवय असते, तो एकाचा की दहाचा हे विचारले तर बहुतेक मुले ‘एकाचा’ म्हणतात.

आकड्यांच्या नावांकडेही लक्ष असू द्या. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते आणि ३६ होतात. एकोणपन्नास ऐकले की पन्नासमुळे दशकात पाच नोटा मांडायला हात जातो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला होता. त्या वादात न पडता खेळात दोन्ही वापरा. नोटांकडे बोट दाखवून ‘चाळीस आणि नऊ’, आणि लगेच ‘एकोणपन्नास’. जुने नाव सुटत नाही, गोंधळही कमी होतो.

किती वेळ, कोणत्या इयत्तेला काय

दोन फाशांची सरासरी ७ येते, म्हणून १०० गाठायला एका मुलाला साधारण १४ खेळ्या लागतात. चौघांच्या मिळून पन्नास-पंचावन्न. हात बसल्यावर एका खेळीला वीस सेकंद लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या आत खेळ आटोपतो. पहिल्या दिवशी मात्र एकेका खेळीला मिनिट जाते. त्या दिवशी ५० वरच थांबा, नाहीतर तास संपतो, कोणीच जिंकत नाही आणि मुले रुसतात.

पहिलीला एकच फासा द्या आणि ५० पर्यंतच खेळवा. त्याआधी आठवडाभर नोटा बाहेर काढूच नका, पेटीतल्या काड्या वापरा. दहा काड्या मोजायच्या, रबरबँड लावायचा, गठ्ठा झाला दशक. गठ्ठा सोडला की आतून दहा काड्या निघतात हे डोळ्यांना दिसते. नोटेत तसे काही दिसत नाही. दहाची नोट एकच्या नोटेएवढीच असते, तिची किंमत मानावी लागते. ‘दहाची नोट मोठी का नाही केली’ असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच, की आकारमान दाखवायचे काम काड्यांचे. काड्यांवरून थेट नोटांवर आलात तरी चालेल, पण काड्या वगळून नोटांवर आलात तर पहिलीची मुले नोटांशी फक्त दुकान-दुकान खेळतात.

तिसरीला खेळ उलटा खेळवा, आणि आमच्या मते पेटीची खरी किंमत इथे वसूल होते. प्रत्येकाला शंभरची एक नोट आणि तीन सुटे द्या. फाशांवर येईल तेवढे बँकेत भरायचे, आधी ज्याचा पट रिकामा तो जिंकला. आठ पडले. सुटे तीनच, दशकाचा रकाना रिकामा. कॅशिअर शंभर मोडून दहाच्या दहा नोटा देतो. नऊ चौकटींत बसतात, दहावी हातात राहते, म्हणून तीच मोडून दहा सुटे घ्यायचे. आता सुटे तेरा, त्यातले आठ भरले, उरले पाच. पटावर ९५. वहीतल्या १०३ वजा ८ मध्ये शून्यावरून उसने घेताना मुले जिथे अडखळतात, बरोबर तीच जागा ही आहे. शून्याच्या जागी ९ कुठून आला, हे मुलाच्या पटावर मांडलेले असते.

आणखी दोन-तीन नेहमीच्या गोष्टी

नोटा खऱ्यासारख्या का नाहीत? चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेतही ४८९-ई हे कलम त्यासाठीच होते. आणि चित्रे काढून टाकल्यामुळे मुलाची नजर आकड्यावर राहते, हा फायदाच.

नोटा लॅमिनेट करू नका. ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) कार्ड दोन-तीन वर्षे सहज टिकते. लॅमिनेशनने गड्डी जवळजवळ पावणेदोनपट जाड होते, पेटीचे झाकण बसत नाही, आणि नोटा एकमेकींवरून घसरल्याने मोजताना दोन-दोन उचलल्या जातात. मग पुन्हा आम्हालाच फोन, ‘नोटा कमी निघाल्या’. गड्डीला रबरबँडही लावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ते वितळून कार्डाला चिकटते आणि सोलताना छपाई निघते. कागदी पट्टी बरी. आवरताना मुलांनीच दहा-दहाच्या पाच गड्ड्या करायच्या, मोजणी आपोआप होते.

फासे पेटीच्या झाकणात टाकायला लावा. फरशीवरचा आवाज शेजारच्या वर्गाला सहन होत नाही, आणि कपाटाखाली गेलेला फासा दिवाळीच्या साफसफाईशिवाय सापडत नाही.

एका पेटीला पाच मुले. तीस मुलांच्या वर्गाला सहा पेट्या लागतात. एकच पेटी घेऊन टेबलावर दाखवून चालेल का, असे विचारले जाते. चालत नाही. बदली हाताने करायची गोष्ट आहे, दुरून पाहून कळत नाही. सहा परवडत नसतील तर दोन घ्या, दहा मुले खेळतील, बाकीची स्वाध्याय करतील, तीन दिवसांत वर्ग पुरा होईल. साठच्या आत पटसंख्या असलेल्या दोन शिक्षकी शाळांत हे आणखी सोपे जाते. तिसरीतल्या मुलांना दुसरीच्या गटांवर कॅशिअर म्हणून बसवा. त्यांचा सराव होतो आणि चूक ती लगेच पकडतात, कधीकधी शिक्षकाच्या आधी.

सुटे भाग मागवताना

प्रत्येक पेटीतल्या नोटांच्या मागे एक चिन्ह असते: पान, मासा, पतंग, छत्री, घागर किंवा चांदणी. दोन पेट्यांच्या नोटा मिसळल्या तर चिन्हावरून पाच मिनिटांत वेगळ्या होतात. कमी भरल्या असे कळवण्याआधी एवढे एकदा करून पाहा, ‘हरवलेल्या’ नोटा बरेचदा शेजारच्या पेटीत निघतात. तरीही कमी असतील तर पाकीट मागवताना चिन्ह सांगा, त्याच चिन्हाच्या नोटा पाठवू. चिन्ह न सांगता आलेली मागणी आम्ही थांबवून ठेवतो. काहींना हा हट्ट वाटतो, पण चुकीच्या चिन्हाच्या नोटा गेल्या की दोन्ही पेट्यांचा हिशेब कायमचा बिघडतो.

पट रद्दीत गेले असतील तर चार पटांचा एक संच प्रत्येक पेटीमागे एकदा विनामूल्य देतो, टपालखर्च तेवढा तुमचा. नोटांच्या पाकिटाआधी तो मागवा.