लहरीच्या मापाचा मनोरा

आकाशवाणी पुणे, ३७८.८ मीटर्स, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्‌झ. निवेदकाच्या तोंडचे हे आकडे अनेकांना पाठ असतील. किलोहर्ट्‌झ रेडिओच्या काट्याखाली दिसायचे; पण मीटर कसले?

लहरीच्या लांबीचे. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते; त्याला वारंवारतेने, म्हणजे त्या किलोहर्ट्‌झच्या आकड्याने, भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. पुण्यासारख्या मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) केंद्राचा मनोरा याच लांबीवर बेततात, कारण त्यावर वेगळा अँटेना नसतोच. अख्खा लोखंडी मनोराच अँटेना! म्हणून तो बहुधा जमिनीपासून विजेच्या दृष्टीने अलग, इन्सुलेटरवर उभा करतात आणि भोवतीच्या मातीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरतात. एवढी मोकळी जागा शहरात कुठून आणणार? उंची सहसा लहरीच्या पाव ते निम्म्याच्या आसपास. एफएमचं तसं नाही: तिथे लहर जेमतेम ३ मीटरची, मनोरा लागतो तो अँटेना उंचावर न्यायला.

आता वारंवारता खाली आणत जा, मनोरा वाढत जातो. पोलंडने १९७४ साली दीर्घलहरींचं केंद्र उभारलं ते २२७ किलोहर्ट्‌झचं. लहर १,३२१ मीटर, तिची निम्मी ६६०. त्या हिशेबाने प्वोत्स्क शहराजवळच्या कोन्स्तान्तिनूव्ह खेड्यात, सपाट शेतांमध्ये, ६४६ मीटरचा मनोरा उभा राहिला. कळसूबाईच्या उंचीतून हजार मीटर वजा करा, तेवढा! पुढे २००८ मध्ये बुर्ज खलिफाने मागे टाकेपर्यंत माणसाने याहून उंच काही बांधलं नव्हतं.

इतका सडपातळ मनोरा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. तंबूच्या खांबासारखे त्याला तिन्ही दिशांनी पोलादी ताण होते, पाच वेगवेगळ्या उंचींवर. एकीकडची ओढ दुसरीकडच्या ओढीला तोलते, तोवरच सगळं सरळ. वाऱ्याने ताणांची झीज होते, ते बदलावे लागतात, आणि सगळ्यात नाजूक वेळ तीच. ८ ऑगस्ट १९९१ रोजी वरचे ताण बदलताना तोल गेला. मनोरा आधी वाकला, मग मधोमध मोडून कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

तो पुन्हा तिथेच बांधायला गावकऱ्यांनी विरोध केला. अखेर १९९९ मध्ये सोलेत्स कुयाव्स्की इथे नवं केंद्र सुरू झालं, २२५ किलोहर्ट्‌झवर. तिथे दोन मनोरे आहेत. पाव लहर येते ३३३ मीटर; दोघांतला उंच मनोरा ३३० मीटरचा आहे.