नारू

नारू हा ड्रॅकुन्क्युलस मेडिनेन्सिस या गोलकृमीमुळे माणसाला होणारा रोग. कृमीलाही नारूच म्हणतात. साचलेले पाणी न गाळता पिणे ही त्याची माणसाच्या शरीरात शिरण्याची मुख्य वाट. या रोगावर औषध नाही, लस नाही. एकदा होऊन गेला म्हणून प्रतिकारशक्तीही येत नाही; त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा नारू निघू शकतो. असे असूनही भारतातून तो हद्दपार झाला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. देवीचे निर्मूलन लशीने झाले. नारूचे झाले ते लोकांची पाणी भरण्याची आणि गाळण्याची रीत बदलल्यामुळे.

कृमी : मादी ६० ते १०० सेंमी. लांब आणि जेमतेम १.५ ते २ मिमी. जाड असते, जखमेतून डोकावू लागली की जाड पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. नर २ ते ४ सेंमी.चा. मिलनानंतर तो शरीरातच मरतो, त्यामुळे रुग्णाच्या किंवा डॉक्टरांच्या नजरेस पडत नाही. पूर्ण वाढलेल्या मादीत गर्भाशयाखेरीज फारसे काही उरलेले नसते. तिचे आतडे चपटे होऊन बाजूला दबते, जननमार्गाचे तोंड बुजते आणि गर्भाशयात लाखो अळ्या, सुमारे ३० लाखांपर्यंत, तयार होऊन बसतात. वाटच बुजलेली असल्यामुळे अळ्या सोडण्यासाठी मादीचे पुढचे टोक आणि गर्भाशयाचा वेढा फाटावा लागतो. रोगाचा सगळा त्रास आणि सगळा प्रसार या फाटण्यातून होतो.

इतर कृमींशी तुलना केली तर नारूचे वेगळेपण लक्षात येते. पोटातल्या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि न धुतलेल्या हातांतून किंवा भाजीतून परत तोंडात येतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. हत्तीरोगाचे कृमी डासामार्फत येतात, पट्टकृमी अर्धकच्च्या मांसातून. नारूची अंडी मात्र मादीच्या पोटातच उबतात. त्यामुळे विष्ठेत काही सापडत नाही, रक्ततपासणीतही नेहमीच्या पद्धतीने काही कळत नाही. कृमी कातडीबाहेर येईपर्यंत रुग्ण आणि निरोगी माणूस यांत फरक करता येत नाही.

जीवनचक्र : नारू निघालेला पाय पाण्यात बुडाला की मादीचे शरीर आकुंचन पावते आणि दुधासारख्या पांढुरक्या द्रवाबरोबर लाखो अळ्या पाण्यात फेकल्या जातात. या अळ्यांची लांबी सुमारे अर्धा ते पाऊण मिमी. त्या पाण्यात तीनेक दिवस तग धरतात. तेवढ्या वेळात सायक्लॉप्सने गिळले तरच त्यांचे पुढचे आयुष्य आहे. सायक्लॉप्स हा एक-दोन मिमी.चा कवचधारी जलचर. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरले तर झटके देत फिरणारे पांढुरके ठिपके दिसतात, तेच सायक्लॉप्स. त्याच्या शरीरात अळी दोन वेळा कात टाकते आणि साधारण दोन आठवड्यांत माणसाला बाधा करण्याजोगी होते. अळी पोटात असलेला सायक्लॉप्स सुस्तावतो आणि तळाकडे जातो. म्हणूनच पाणी आटून तळाशी आले आणि लोक ते खरवडून भरू लागले की धोका वाढतो.

असे पाणी प्यायल्यावर जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण अळी मोकळी होते. ती जठराची किंवा आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत आणि तिच्या मागच्या ऊतींमध्ये जाते. दोन-तीन महिन्यांनी नर-मादीचे मिलन होते. मग मादी कातडीखालच्या थरातून हळूहळू सरकत खाली येते. पाणी प्यायल्यापासून कृमी बाहेर पडेपर्यंत १० ते १४ महिने जातात आणि या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. गेल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्याचा या उन्हाळ्यातल्या फोडाशी संबंध कोणाच्या सहजी ध्यानात येत नाही, याचे कारण हेच. गावोगाव नारू म्हणजे दैवी कोप किंवा रक्तदोष अशी समजूत टिकून राहिली तीही यामुळेच.

लक्षणे : फोड उठण्याच्या काही तास ते दिवस आधी अंगावर पित्त उठते, खाज सुटते, मळमळ आणि बारीक ताप येतो. मग बहुधा घोट्याजवळ, पोटरीवर किंवा पावलावर फोड येतो. दहांतील आठ-नऊ वेळा जागा गुडघ्याखालची असते. पण हात, स्तन, वृषण, क्वचित डोक्याची कातडी इथेही नारू निघाला आहे. फोडाची आग असह्य असते. ती शमवायला माणूस पाय पाण्यात सोडून बसतो, फोड फुटतो आणि चक्र पुढे चालू होते. एका रुग्णाला एकाच वेळी अनेक नारू निघू शकतात.

नारूने माणूस सहसा मरत नाही, अंथरुणाला मात्र खिळतो. जखमेत जंतू शिरून पू होणे, पाय सुजून लाल होणे, सांध्याजवळ असल्यास तो आखडून कायमचा अधू होणे आणि धनुर्वात हे मुख्य धोके. सरासरी दोन महिने माणूस कामातून जातो. नारू निघण्याचा हंगाम नेमका शेतीच्या कामाच्या दिवसांत येत असल्यामुळे पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा आजार म्हणत. बाहेर न पडताच मेलेल्या मादीवर चुना साचतो. जुन्या रुग्णाच्या पायाचा एक्स-रे काढल्यास ती वेटोळ्या पांढऱ्या रेघेच्या रूपात अनेक वर्षांनंतरही दिसते.

नारू काढणे : हजारो वर्षे वापरात असलेली काडीवर गुंडाळण्याची रीत आजही तीच आहे, फक्त ती स्वच्छतेने करायची. प्रथम पाय बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवतात, म्हणजे मादी अळ्या सोडून ढिली पडते. हे पाणी विहिरीपासून, तळ्यापासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावे लागते. ते ओढ्यात ओतणे म्हणजे लागण पसरवणे. मग जखम धुऊन, कृमीचे टोक धरून अगदी हलका ताण देतात. कृमीच्या मार्गावर कातडीवरून हळुवार चोळल्यास तो सुटायला मदत होते. अडल्यासारखे वाटले की तिथेच थांबायचे. बाहेर आलेला भाग निर्जंतुक गॉजच्या सुरळीवर किंवा काडीवर गुंडाळून ठेवतात, म्हणजे तो पुन्हा आत सरकत नाही. वर जंतुनाशक मलम आणि पट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच. दिवसाला काही सेंटिमीटरच कृमी निघतो, त्यामुळे पूर्ण बाहेर यायला कित्येक आठवडे लागू शकतात.

घाई केली की कृमी तुटतो. उरलेला तुकडा आखडून आत जातो, फाटलेल्या गर्भाशयातून अळ्या ऊतींमध्ये सांडतात, आणि सगळा पाय सुजून गळू होते. नारूने अपंग झालेल्यांपैकी पुष्कळांचा रोग इथेच चिघळलेला असतो. मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्यांनी सूज उतरते आणि कृमी सुटायला थोडी मदत होते, पण कृमी मरत नाही. कातडीखाली कृमी हाताला लागत असेल, तर फोड येण्याआधीच लहानशी चीर देऊन तो अख्खा काढण्याची शस्त्रक्रिया भारतात केली जाई. कुशल हातांनी केल्यास ती फार उपयोगी पडते, कारण अळ्या पाण्यात जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

विहीर आणि पायऱ्या : भारतात नारूचे घर म्हणजे पायऱ्यांची विहीर. महाराष्ट्रात बारव किंवा पायविहीर, राजस्थान-गुजरातेत बावडी आणि वाव. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहतात आणि कळशी बुडवतात. पायाला नारू असलेली एकच व्यक्ती अशी उभी राहिली तरी सगळ्या गावाचे पाणी दूषित होते. अळ्या सोडणारा पाय आणि पिण्याची कळशी एकाच पाण्यात यायला ही रचना कारणीभूत होती. कठड्याची, रहाटाने किंवा पोहऱ्याने पाणी शेंदायची आड विहीर त्यामानाने सुरक्षित, कारण पाय पाण्याला लागत नाही. हातपंप आणि बोअरचे पाणी सुरक्षित. वाहत्या नदीतही नारू पसरत नाही. आंघोळीने किंवा रुग्णाला शिवल्याने तो होत नाही.

म्हणून निर्मूलनाचे पहिले काम गवंड्याचे होते : पायऱ्या बुजवून किंवा बंद करून कठडा बांधायचा आणि पाणी वरूनच शेंदायची सोय करायची. जिथे हे लगेच शक्य नव्हते तिथे पाणी गाळणे. नायलॉनच्या जाळीचे छिद्र ०.१ मिमी.चे असले की सायक्लॉप्स अडतो. दुहेरी घडी केलेले दाट विणीचे सुती फडकेही चालते, फक्त ते लवकर तुंबते. गाळण्यात नेहमी होणारी चूक म्हणजे फडक्याची बाजू बदलणे. काल वर असलेली बाजू आज खाली गेली, तर अडकलेले सायक्लॉप्स थेट हंड्यात उतरतात. फडक्याला एका बाजूला खूण करावी, गाळून झाल्यावर ते उलटे धरून पाणवठ्यापासून लांब झटकावे आणि भोक दिसताच बदलावे. उकळलेल्या पाण्यात सायक्लॉप्स मरतो. पिण्याच्या पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरीनवर मात्र विसंबता येत नाही.

तिसरा उपाय टेमेफॉस या पाण्यातला सायक्लॉप्स मारणाऱ्या औषधाचा. प्रमाण लिटरला १ मिग्रॅ., म्हणजे ५० टक्के तीव्रतेचे द्रावण असल्यास हजार लिटर पाण्याला २ मिली. चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत दीड मीटर पाणी असेल तर ते सुमारे १८,८५० लिटर भरते आणि औषध ३८ मिली. लागते. या प्रमाणात ते माणसांना आणि माशांना अपाय करत नाही. एका फवारणीने भागत नाही. सायक्लॉप्सची नवी पैदास होत राहते, म्हणून हंगामभर दर चार आठवड्यांनी मात्रा द्यावी लागते. पाण्याचे माप नजरेने ठरवणे ही इथली नेहमीची चूक. पाऊस पडून पाणी वाढल्यावर जुन्याच मात्रेने औषध टाकले तर ते विरळ होऊन निकामी ठरते.

इतिहास : वैद्यकाला हा रोग प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत तो स्नायुक या नावाने येतो आणि मध्ययुगीन इस्लामी जगातला वैद्य इब्न सिना यानेही त्याचे वर्णन केले आहे. सायक्लॉप्सचा दुवा मात्र १८७० मध्ये मध्य आशियातील तुर्कस्तान प्रांतात काम करणारा रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को याच्या हाती लागला. पुढे ब्रिटिश कृमिशास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सायक्लॉप्स मरतो आणि अळी चपळ होते हे दाखवले, तसेच बाधित सायक्लॉप्स माकडाला केळ्यातून खाऊ घालून सहा महिन्यांनी त्याच्या शरीरातून कृमी काढून दाखवले. मध्य आशियातील (आजच्या उझबेकिस्तानातील) बुखारा शहरात लोक हौजांतले उघडे पाणी पीत. सोव्हिएत डॉक्टर लिओनिद इसाएव्ह याच्या देखरेखीखाली ते हौज उपसून काढले गेले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथला नारू संपला.

भारतात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संचारी रोग संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू ही सात राज्ये बाधित होती, आणि १९८४ मध्ये सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले. घरोघरी शोध हा कार्यक्रमाचा कणा होता. आरोग्य कर्मचारी नारूचे चित्र दाखवून विचारत, रुग्ण सापडला की जखमेला पट्टी बांधून तो पाण्यात उतरणार नाही याची काळजी घेत, आणि त्याने आधी कुठे कुठे पाय बुडवला ते शोधून तो पाणवठा औषधाने शुद्ध करत. रुग्णसंख्या थोडी उरल्यावर खबर देणाऱ्याला रोख बक्षीस ठेवले गेले. शेवटच्या रुग्णानंतर सलग तीन वर्षे देखरेख चालू ठेवून, एकही नवा रुग्ण नाही हे सिद्ध झाल्यावरच प्रमाणपत्र मिळाले.

सद्यस्थिती : १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशिया मिळून अंदाजे ३५ लाख लोकांना दरवर्षी नारू निघत असे. त्या वर्षापासून कार्टर सेंटर ही अमेरिकी स्वयंसेवी संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि संबंधित देशांनी लावून धरलेल्या मोहिमेमुळे २०२४ मध्ये जगात माणसांतले केवळ १५ रुग्ण उरले, तेही चाड आणि दक्षिण सुदान या दोन देशांत. मोहीम शेवटच्या टप्प्यात अडली ती प्राण्यांपाशी. २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर नारू निघू लागले. मांजरे आणि इथिओपियात बबून माकडेही बाधित आढळली. २०२४ मध्ये प्राण्यांतील नोंदी सहाशेहून अधिक होत्या. कोळ्यांनी टाकलेली माशांची आतडी खाऊन कुत्र्यांना लागण होत असावी असे मानले जाते. त्यामुळे आतडी खोल पुरणे, मासे पूर्ण शिजवणे आणि नारू निघालेला कुत्रा बांधून ठेवणे ही कामे आता पाणी गाळण्याइतकीच महत्त्वाची झाली आहेत. भटक्या पशुपालकांना गळ्यात अडकवायची, टोकाला जाळी असलेली नळी दिली जाते. तिच्यातून थेट डबक्यातले पाणी ओढून पिता येते.

भारतात आज कातडीतून लांब कृमी निघाल्याचे आढळले, तर तो बहुधा दुसराच कृमी असतो; तरीही प्रत्येक खबर तपासली जाते. अशा वेळी कृमी फेकू नये. तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, रुग्णाने गेल्या १४ महिन्यांत कुठे कुठे प्रवास केला याच्या नोंदीसह प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावा आणि ओळख पटेपर्यंत रुग्णाने कोणत्याही पाणवठ्यात उतरू नये.