पिकअपमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेण्याआधी

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न वॅटचा विचारतात. आम्ही मात्र आधी बॉनेट उघडतो, बॅटरी पाहतो आणि तिथपासून मागच्या सीटपर्यंत वायर जिथून जाईल त्या वाटेने टेप धरतो. अ‍ॅम्प्लिफायर चांगला निघणार की नाही, ते बरंचसं या वाटेवर ठरतं.

खोक्यावर ठळक छापलेला ‘कमाल’ आकडा विसरून जा, आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, पाहा. समजा सबवूफरसाठी (बेसचा मोठा स्पीकर) ५०० वॅट आरएमएसचा, कमी वीज वाया घालवणाऱ्या क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ५०० वॅट द्यायला त्याला ६२५ वॅट घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर हा करंट ४५ अँपिअर होतो. क्लास एबी या दुसऱ्या प्रकारात जवळपास निम्मी वीज उष्णतेत जाते, तिथे हाच आकडा ७२ वर पोचतो. गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही हे खरं, पण बेसचा ठोका पडतो त्या क्षणी तेवढा करंट मिळाला नाही तर आवाज चिरकतो.

म्हणून वायर. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. पाच मीटर अंतरावर ४५ अँपिअर नेताना ८ गेजच्या तांब्याच्या वायरीत साधारण ०.४६ व्होल्ट वाटेतच संपतात, ४ गेजमध्ये ०.१८. आम्ही अशा कामाला ४ गेज आणि शुद्ध तांबंच वापरतो. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीत ती तांब्याइतका करंट वाहू शकत नाही. तुम्ही स्वतः वायरिंग किट आणलं असेल तर एक टोक सोलून आम्हाला दाखवा. आत चंदेरी तारा दिसल्या तर आम्ही तसं स्पष्ट सांगू.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अ‍ॅम्प्लिफायरला त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच, मग हा दुसरा कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. हा फ्यूज वायरीसाठी आहे. वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून धावतो आणि ती पेट घेऊ शकते. याच कारणासाठी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर आत घेताना त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय आम्ही काम पुढे नेत नाही. यावर घासाघीस करू नका, ही आमची विनंती आहे.

आता अर्थिंग, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं. पिकअपमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एक गाडी आमच्याकडे आली, तिच्या स्पीकरमधून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, इंजिनचा वेग वाढला की तोही चढायचा. मालकाने सिग्नलच्या केबल बदलल्या होत्या, फिल्टर लावला होता, स्टिरिओसुद्धा बदलला होता. आम्ही अर्थची वायर सोडली तेव्हा तिचा लग (टोकाची धातूची कडी) थेट रंगावर आवळलेला सापडला. रंग वीज नेत नाही. तेवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, लग पुन्हा आवळला आणि शिट्टी थांबली.

पिकअपची बांधणीही लक्षात घ्यावी लागते. केबिन चॅसीवर रबरी बुशांवर बसते आणि हौदा वेगळा बोल्टने जोडलेला असतो. वरून सगळा एकच लोखंडी सांगाडा दिसतो, पण वीज एका भागातून दुसऱ्यात जाते ती जोडपट्ट्यांमधून. जुन्या गाडीत या पट्ट्या गंजलेल्या असतात, म्हणून त्या आम्ही आधी तपासतो. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवतो, केबिनच्या जाड पत्र्याला बोल्टने आवळतो आणि वरून गंजरोधक लावतो. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा दिसला तरी त्याला आम्ही हात लावत नाही. तो तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. शेवटी मोठ्या आवाजात वाजवत ठेवून त्या जागेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावतो. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पुन्हा काम उघडतो.

हौद्यात अ‍ॅम्प्लिफायर लावून द्या, असं कोणी म्हटलं तर आम्ही नकार देतो. पाणी, धूळ आणि थरथर, तिन्ही त्याचे वैरी. मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे जागा उत्तम, फक्त जॅक आणि पाने काढता आले पाहिजेत. ओले बूट केबिनमध्ये येतातच, त्यामुळे थेट फरशीवर न ठेवता प्लायच्या फळीवर थोडा उंच बसवतो आणि हवा खेळायला जागा सोडतो. फरशीत भोक पाडण्याआधी खालून वाकून पाहणं आलंच: तिथून इंधनाची किंवा ब्रेकची नळी गेलेली असू शकते.

पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूने न्यायची. कंपनीचाच स्टिरिओ ठेवायचा असेल तर स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारा कन्व्हर्टर लागतो, तेवढं आधी सांगा.

गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचं माप जुळवण्यासाठी ते असतं. आम्ही सबवूफर सोडवून ठेवतो, बेस-ट्रेबल मध्यावर आणतो, स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर लावतो आणि ५० हर्ट्‌झचा टोन वाजवतो. ५०० वॅट २ ओहम रोधाच्या सबवूफरला द्यायचे असतील तर मीटरवर ३१.६ व्होल्ट एसी आले की गेन तिथेच थांबवायचा (वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढलं की हा आकडा मिळतो). त्यापुढे नेला की लाटेची टोकं कापली जातात आणि सबवूफरची कॉइल तापून जळते.

गाडी ताब्यात घेताना हे मीटरचे आकडे आम्ही तुम्हाला कागदावर लिहून देतो. खराब रस्त्यांवर धावून महिनाभराने एकदा परत या. बॅटरीचे आणि अर्थचे बोल्ट त्या दिवशी पुन्हा आवळू.