पार्श्वभूमी : क्राउली, कांचनजुंगा आणि १ सप्टेंबर १९०५

कोल्हापुरात अ‍ॅलिस्टर क्राउली या मांत्रिक आणि गिर्यारोहक इंग्रजाचं नाव दोन गोटांत निघतं. टॅरोची, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांची, पानं मांडणाऱ्यांकडे त्याने रचलेला संच असतो आणि पावसाळ्यात पन्हाळा–पावनखिंड करणाऱ्यांच्या गप्पांत त्याचा तंबू असतो. पहिल्या गोटाला तो गुरू वाटतो, बाकीच्यांना अघोरी. त्याच्या काळ्या जादूवर ढिगाने लिहिलं गेलंय. हिमालयात त्याच्या मोहिमेवर माणसं मेली, तो भाग मात्र दोन ओळींत उरकतात. मी डोंगरातला माणूस आहे, त्यामुळे इथे तोच भाग मोठा होणार.

बाकीचं थोडक्यात. सिसिलीतल्या त्याच्या आश्रमात १९२३ साली एक तरुण शिष्य दगावला, इंग्लंडच्या पत्रांनी त्याला जगातला सर्वांत दुष्ट माणूस ठरवलं आणि इटलीने हाकललं. १९३४ साली अब्रूनुकसानीचा दावा हरला, पाठोपाठ दिवाळं निघालं आणि १९४७ च्या डिसेंबरात हेस्टिंग्जला तो वारला. तिथे विषय संपायचा, पण संपला नाही. १९६७ मध्ये एका गाजलेल्या ब्रिटिश बँडने त्याचा चेहरा अल्बमच्या मुखपृष्ठावर घेतला. १९६९ मध्ये त्याचा टॅरो संच छापून आला. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्याकाठचं त्याचं घर पुढे एका रॉक गिटारवादकाने विकत घेतलं, त्या घराला २०१५ आणि २०१९ मध्ये आगी लागल्या. २००२ साली ब्रिटिश जनतेने निवडलेल्या शंभर थोरांत तो ७३ वा होता.

आता डोंगर. तो हौशी नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. १९०२ मध्ये के-टू शिखराच्या चढाईला गेलेल्या तुकडीत तो होता आणि बाल्टोरो हिमनदीवर त्या सगळ्यांनी दोन महिन्यांहून जास्त काळ काढला होता. तीन वर्षांनी कांचनजुंगाचा बेत निघाला, तेव्हा के-टूचाच सोबती असलेल्या स्विस डॉक्टरने पुढाकार घेतला, पण नेतृत्व लेखी कराराने क्राउलीकडे आलं. वय २९. दार्जिलिंगहून निघून नेपाळच्या हद्दीतल्या यालुंग हिमनदीने ते नैर्ऋत्येकडच्या बाजूला भिडले. पुढे ऑगस्टअखेर एक हमाल पडून मेला. नेता हात उचलतो अशी तक्रार करून काही हमाल खाली निघून गेले.

१ सप्टेंबरला डॉक्टर आणि दार्जिलिंगचा इटालियन हॉटेलवाला वरच्या तळावर आले ते नेता बदलायलाच. भांडण झालं, क्राउली हटला नाही. संध्याकाळी सहा जण एका दोरात खाली निघाले. तीन युरोपीय, तीन हमाल. एका हमालाचा पाय सुटला, त्याच्यामागे इतर ओढले गेले आणि उतारावरचा बर्फच सुटला. एक स्विस लेफ्टनंट आणि तिन्ही हमाल गाडले गेले. वाचलेले दोघे हाका मारत होते, हातांनी बर्फ उकरत होते.

वर तंबूत क्राउली आणि आणखी एक स्विस गडी होता. हाका ऐकून स्विस गडी उतरला. क्राउली आतच राहिला. त्याच रात्री त्याने लिहिलेलं पत्र अलाहाबादच्या इंग्रजी दैनिकात छापून आलं. डोंगरावरच्या असल्या अपघाताबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, असं त्यात होतं. सकाळी तो खाली आला आणि मोहीम सोडून गेला.

त्याची बाजू घेणारे म्हणतात, अवेळी उतरू नका असं त्याने बजावलं होतं. तसं त्याने स्वतःच नंतर लिहिलंय. सल्ला बरोबर होता असं धरू. आमच्या पन्हाळा–पावनखिंडीच्या वाटेवर मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची पाठही दिसेनाशी होते. तेव्हा शिट्टी वाजते, रांग जागच्या जागी थांबते आणि सर्वांत मागचा गडी येऊन ‘सगळे आले’ म्हणेपर्यंत कुणी पाऊल टाकत नाही. मागे राहिलेल्याने सांगितलेलं ऐकलं होतं का, हे पुढच्या पांढरपाणी गावाला पोचल्यावर विचारायचं. दोन ओळींत उरकताना सल्ला बरोबर असणं आणि हाकेला धावणं यांतला हाच फरक पुसला जातो, म्हणून इतकं लिहिलं.

आणखी एक गल्लत. ‘तुझ्या इच्छेने वाग’ हे त्याचं सूत्र १९०४ सालचं, कैरोतलं. तेव्हा तंबूतली रात्र म्हणजे त्या सूत्राचा पहिला प्रयोग, असं काही जण मांडतात. ते जुळत नाही. ते सूत्र ज्यात होतं ते हस्तलिखित त्याने बाजूला टाकलं होतं, १९०९ मध्ये ते घरात सापडल्यावर त्याने मनावर घेतलं. शिवाय त्या सूत्रावर त्याने उभारलेल्या पंथात इच्छा म्हणजे लहर नव्हे. स्वधर्म हा शब्द त्याला जास्त जवळ जातो. तंबूतल्या निर्णयाचं खापर तत्त्वज्ञानावर फोडता येत नाही, ते माणसावरच फुटतं.

पुढे पन्नास वर्षांनी, १९५५ च्या मे महिन्यात, ब्रिटिश तुकडीने याच नैर्ऋत्य बाजूने कांचनजुंगा सर केलं. २०१९ मध्ये पुण्याच्या गिर्यारोहकांची मोठी तुकडी शिखरावर पोचली. १९५५ च्या तुकडीने तळ टाकला त्या जागेचं नाव नकाशावर ‘पाशची कबर’ असं आहे. पाश म्हणजे तो स्विस लेफ्टनंट. त्याच बर्फाखाली मेलेल्या तीन हमालांच्या नावाची जागा त्या नकाशावर नाही.