हेगमधील दोन न्यायालये आणि युक्रेनचे युद्ध

१६ मार्च २०२२ रोजी नेदरलँड्समधील हेग येथील एका न्यायालयाने रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई तत्काळ स्थगित करण्याचा आदेश दिला. त्यानंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटला आणि १७ मार्च २०२३ रोजी त्याच शहरातील न्यायालयाने रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. पहिला आदेश रशियाने धाब्यावर बसवला म्हणून न्यायालयाने पुढचे पाऊल उचलले, असा या दोन बातम्यांचा अर्थ अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. आदेश देणारे न्यायालय वेगळे होते, वॉरंट काढणारे वेगळे. दोघांचा कायदा वेगळा, न्यायाधीश वेगळे आणि समोर उभा केला जाणारा पक्षही वेगळा. एकाचा अवमान झाला म्हणून दुसरे न्यायालय कारवाई करत नाही. तशी तरतूदच नाही.

पहिले न्यायालय म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय. ते संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख न्यायिक अंग असून हेगच्या शांतता प्रासादात १९४६ पासून काम करते. तेथे पंधरा न्यायाधीश असतात आणि त्यांची निवड आमसभा व सुरक्षा परिषद मिळून नऊ वर्षांसाठी करतात. या न्यायालयात वादी आणि प्रतिवादी दोन्ही राष्ट्रेच असतात. कोणा व्यक्तीवर तेथे आरोप ठेवता येत नाही, कोणाला शिक्षा होत नाही आणि त्याच्याकडे कोठडीही नाही. दुसरे म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १९९८ साली रोम येथे संमत झालेल्या करारातून ते जन्माला आले आणि १ जुलै २००२ पासून अस्तित्वात आहे. ते संयुक्त राष्ट्रांचे अंग नाही. त्याची इमारत हेगच्याच दुसऱ्या भागात, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांजवळ आहे आणि त्याचे अठरा न्यायाधीश सदस्य राष्ट्रे निवडतात. येथे राष्ट्रावर खटला चालत नाही, माणसावर चालतो. आपल्याकडच्या दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांची आठवण येथे होईल आणि ती काही अंशी उपयोगीही आहे. मात्र आपल्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादीची संमती कोणी विचारत नाही, आंतरराष्ट्रीय न्यायालयात मात्र सारे काही संमतीवर अडते.

हा संमतीचा मुद्दा मराठी वाचकाला कुलभूषण जाधव प्रकरणातून परिचित असायला हवा. नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली, १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला आणि १५ विरुद्ध १ अशा बहुमताने पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे न्यायालयाने ठरवले. तरीही जाधव यांच्या सुटकेचा आदेश न्यायालयाने दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच सांगितले. कारण दोन्ही देशांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता तो वाणिज्य दूतावासाच्या संपर्कासंबंधीच्या त्या एका करारापुरता. ज्या कराराच्या दारातून राष्ट्र न्यायालयात शिरते, त्या कराराच्या भिंतींमध्येच न्यायालयाला फिरावे लागते.

युक्रेनपुढची अडचण नेमकी हीच होती. एका देशाने दुसऱ्यावर सैन्य घालणे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या विरुद्ध आहे, हे सांगायला वकील लागत नाही. पण सनदेचा भंग झाला एवढ्यावर रशियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचता येत नाही, कारण न्यायालयाचा सर्वसाधारण अधिकार रशियाने कधी स्वीकारलेलाच नाही. म्हणून दोन्ही देशांनी स्वीकारलेला आणि वाद न्यायालयात नेण्याची तरतूद असलेला करार शोधणे भाग होते. पुतिन यांनी २४ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात पूर्व युक्रेनच्या डॉनबास भागातील लोकांचा वंशसंहार थांबवण्यासाठी ही 'विशेष लष्करी मोहीम' असल्याचे सांगितले होते. युक्रेनच्या वकिलांनी तेच वाक्य पकडले. वंशसंहार प्रतिबंधाचा १९४८ चा करार दोन्ही देशांना लागू आहे; आम्ही वंशसंहार केलेला नाही, या खोट्या आरोपाच्या आधारे रशियाला बळ वापरता येणार नाही, तेव्हा न्यायालयाने तसे जाहीर करावे, असा अर्ज त्यांनी २६ फेब्रुवारीलाच, म्हणजे हल्ल्यानंतर दोन दिवसांत, दाखल केला. आरोप झालेल्या देशाने स्वतःहून न्यायालयात जाऊन 'माझे निर्दोषत्व जाहीर करा' असे म्हणणे ही या करारासंदर्भातील असामान्य गोष्ट होती आणि वकिली चातुर्य म्हणून तिला दाद द्यावी लागते.

७ मार्चच्या सुनावणीला रशियाचे वकील फिरकले नाहीत. न्यायालयाला अधिकारच नाही, असे त्यांनी लेखी कळवले. १६ मार्चला न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई स्थगित करण्याचा अंतरिम आदेश दिला. विरोधात मत देणारे दोघे म्हणजे रशियाचे किरिल गेव्हॉर्गियान आणि चीनच्या श्वे हानचिन. भारताचे दलवीर भंडारी बहुमताबरोबर होते. दोनच आठवड्यांपूर्वी, २ मार्चला, आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी रशियाच्या आक्रमणाचा निषेध केला तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. तेव्हा भारताने भूमिका बदलली की काय, अशी चर्चा सुरू झाली. ती निरर्थक होती, कारण या न्यायालयातील न्यायाधीश आपल्या सरकारचे प्रतिनिधी नसतात.

अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांतले अंतर पुढे स्पष्ट झाले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाच्या प्राथमिक हरकतींवर निर्णय देताना न्यायालयाने युक्रेनच्या मागणीचा मोठा भाग बाजूला काढला. रशियाने बळ वापरले ते बेकायदा असले, तरी वंशसंहार करार त्याचे नियमन करत नाही, असे त्याने म्हटले. शिल्लक राहिला एकच प्रश्न: डॉनबासमध्ये युक्रेनने वंशसंहार केल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असे जाहीर करावे काय? म्हणजे ज्या खटल्याकडे जग 'रशियावरील खटला' म्हणून पाहत होते, त्यात आता तपासणी युक्रेनच्या वर्तनाची होणार आहे, आणि तीही युक्रेनच्याच विनंतीवरून. याच्या दोनच दिवस आधी, ३१ जानेवारीला, २०१७ पासून चाललेल्या दुसऱ्या एका दाव्याचा अंतिम निकाल लागला होता. दहशतवादाला होणाऱ्या अर्थसाहाय्याची चौकशी न करणे आणि रशियाने २०१४ पासून ताब्यात ठेवलेल्या क्रिमियातील युक्रेनियन भाषेतील शिक्षणाबाबत भेदभाव करणे, एवढ्या दोन बाबतींत रशिया दोषी ठरला. क्रिमियन तातारांच्या मेजलिस या प्रतिनिधी संस्थेवरील बंदी न उठवून न्यायालयाच्या आधीच्या आदेशाचा भंग केल्याचेही नोंदले गेले. युक्रेनच्या बाकीच्या बहुतेक मागण्या फेटाळल्या गेल्या आणि नुकसानभरपाई मिळाली नाही.

फौजदारी न्यायालयाची वाट निराळी आहे. तेथे 'युक्रेन विरुद्ध रशिया' असे प्रकरण असूच शकत नाही. अभियोक्ता तपास करतो, पुरावा न्यायाधीशांपुढे ठेवतो आणि त्यांना पटले तर ठरावीक व्यक्तीच्या नावाने वॉरंट निघते. रशिया या न्यायालयाचा सदस्य नाही. त्याने २००० साली रोम करारावर सही केली होती, पण अभियोक्त्यांच्या कार्यालयाने क्रिमियातील स्थितीला रशियाचा ताबा म्हटल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये ती मागे घेतली. मग त्याच्या राष्ट्राध्यक्षांवर वॉरंट कसे? उत्तर सोपे आहे: हे न्यायालय आरोपीचे राष्ट्रीयत्व जसे पाहते, तसे गुन्हा कोणत्या भूमीवर घडला हेही पाहते. युक्रेनने सदस्य नसतानाही २०१४ आणि २०१५ साली स्वतंत्र घोषणा करून आपल्या भूमीवरील गुन्ह्यांपुरता न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता. २ मार्च २०२२ रोजी तत्कालीन अभियोक्ते करीम खान यांनी तपास सुरू केला, तेव्हा ३९ सदस्य देशांनी हे प्रकरण त्यांच्याकडे सोपवलेले होते.

पुतिन यांच्यावरील आरोप युद्ध सुरू केल्याचा आहे, असा समज सर्रास आढळतो. वॉरंटमध्ये तसे काही नाही. त्यातील आरोप आहे व्याप्त प्रदेशातील मुलांना बेकायदेशीरपणे रशियात नेल्याचा, आणि तो युद्धगुन्हा आहे. त्याच दिवशी रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावरही वॉरंट निघाले. अशी १९ हजारांहून अधिक मुले असल्याचे युक्रेन सरकार सांगते. रशियाचे म्हणणे असे की मुलांना युद्धक्षेत्रातून सुरक्षित स्थळी हलवले. एवढ्या मोठ्या युद्धातून अभियोक्त्यांनी सर्वप्रथम हाच धागा का उचलला, याचे कारण माझ्या मते पुराव्यात आहे. क्षेपणास्त्र कोणाच्या हुकमावरून सुटले हे वरपर्यंत सिद्ध करणे कष्टाचे असते. येथे मात्र अनाथ युक्रेनियन मुलांना रशियन नागरिकत्व देणे सोपे करणारा मे २०२२ चा हुकूम पुतिन यांच्या सहीचा होता आणि मारियुपोलचा एक मुलगा आपण सांभाळायला घेतल्याचे ल्वोवा-बेलोवा यांनी त्यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर सांगितले होते. पुढे २०२४ मध्ये वीजपुरवठा यंत्रणेवरील हल्ल्यांसाठी चार वॉरंटे निघाली: मार्चमध्ये सर्गेई कोबिलाश आणि व्हिक्टर सोकोलोव्ह या सेनाधिकाऱ्यांवर, तर जूनमध्ये माजी संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू आणि सरसेनापती व्हॅलेरी गेरासिमोव्ह यांच्यावर.

भूमीवर आधारलेला हा अधिकार दुधारी आहे. युक्रेनच्या भूमीवर युक्रेनच्या सैनिकाने गुन्हा केला तर तोही तपासाच्या कक्षेत येतो. म्हणूनच युक्रेनने रोम कराराला मंजुरी दिली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि देतानाही कलम १२४ चा आधार घेत आपल्या नागरिकांच्या युद्धगुन्ह्यांबाबत सात वर्षांपुरता हा अधिकार मान्य नसल्याचे घोषित केले. १ जानेवारी २०२५ पासून तो न्यायालयाचा १२५ वा सदस्य झाला. युक्रेनविषयी सहानुभूती असलेल्या अनेक कायदेपंडितांनाही ही सात वर्षांची पळवाट खटकली, आणि मला त्यांचे म्हणणे योग्य वाटते.

दोन्ही न्यायालये अंमलबजावणीत लंगडी पडतात, पण वेगवेगळ्या पायाने. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल न पाळणाऱ्या देशाविरुद्ध सनदेच्या कलम ९४ नुसार सुरक्षा परिषदेकडे दाद मागता येते. तेथे रशियाला नकाराधिकार आहे, म्हणजे विषय संपला. फौजदारी न्यायालयाची वॉरंटे सुरक्षा परिषदेवर अवलंबून नाहीत. ती बजावण्याचे काम सदस्य देशांच्या पोलिसांचे आहे. त्यामुळे तेथे परिणाम तुकड्यातुकड्याने दिसतो. ऑगस्ट २०२३ मधील जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला पुतिन गेले नाहीत, कारण दक्षिण आफ्रिका सदस्य आहे आणि तेथे अटकेवरून प्रकरण देशांतर्गत न्यायालयापर्यंत गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले. तोही सदस्य देश, पण त्याने अटक केली नाही आणि कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका न्यायालयाने त्याच्यावर ठेवला. भारताने रोम करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला आले तेव्हा भारताने कोणतेही बंधन मोडले नाही. अलास्कातील ऑगस्ट २०२५ च्या भेटीचेही तेच, कारण अमेरिकाही सदस्य नाही. पुतिन यांच्यावरील वॉरंट योग्य असल्याचे म्हणणाऱ्या या देशाने, सरकार बदलल्यावर आणि इस्रायलच्या पंतप्रधानांवर वॉरंट निघाल्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये खान यांच्यावर निर्बंध लादले.

पदावरील राष्ट्राध्यक्षाला अटक करता येते काय, या प्रश्नावर ही दोन न्यायालये एकमेकांना भेटतात. काँगो विरुद्ध बेल्जियम या दाव्यात २००२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरवले की पदावरील परराष्ट्रमंत्र्याला परक्या देशाच्या न्यायालयापासून पूर्ण संरक्षण आहे. मात्र अधिकार असलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयांपुढे खटला चालू शकतो, असेही त्याच निकालात म्हटले. रोम कराराचे कलम २७ तर पदामुळे सूट मिळत नाही, असे स्पष्टच सांगते. मंगोलियाने राष्ट्रप्रमुखाच्या संरक्षणाचा मुद्दा पुढे केला, तेव्हा फौजदारी न्यायालयाने तो मान्य केला नाही. बिगर-सदस्य देशाच्या प्रमुखाला हे लागू होते का, यावर मात्र विद्वानांत अजूनही एकमत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेजारी देशावर रणगाडे घालण्याचा निर्णय हाच गुन्हा ठरवून शिक्षा कोण देणार? आंतरराष्ट्रीय न्यायालय वंशसंहार कराराच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. फौजदारी न्यायालयाच्या यादीत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांच्याबरोबर आक्रमणाचा गुन्हाही आहे, पण त्या एका गुन्ह्यासाठी नियम वेगळा केला गेला: सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याखेरीज सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकांवर आक्रमणाचा खटला तेथे चालवता येत नाही, मग गुन्हा कोणाच्याही भूमीवर घडो. मुलांना पळवल्याबद्दल वॉरंट निघू शकते, वीजकेंद्रे पाडल्याबद्दल निघू शकते, पण ज्या निर्णयातून हे सारे उद्भवले त्याबद्दल निघू शकत नाही. दोन्ही न्यायालयांविषयी लिहिताना ही पोकळी बहुतेकदा सुटून जाते, आणि मला तर दोघांमधल्या सगळ्या फरकांपेक्षा हे साम्य अधिक महत्त्वाचे वाटते.

ही पोकळी भरून काढण्यासाठी २५ जून २०२५ रोजी स्ट्रासबर्ग येथे युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की आणि युरोप परिषदेचे सरचिटणीस अलँ बेर्से यांनी आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापण्याच्या करारावर सह्या केल्या. हे तिसरे न्यायासन आधीच्या दोन्हींपासून वेगळे आहे. त्याच्या नियमांनुसार आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालू शकतो, परंतु राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री हे तिघे पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्धचे कामकाज स्थगित ठेवावे लागेल.